लांब पल्ल्याची पहिली रायफल: खिशाला झेपेल असं कॅलिबर कसं ठरवावं

अमेरिकेत स्थिरावलेला मराठी माणूस दोन-चार वेळा रेंजवर जाऊन आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘६.५ क्रीडमूर घेऊ की .३०८?’ ही दोन लोकप्रिय काडतुसांची नावं. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा लागतो. त्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. कायद्याने रायफल हातात धरता येते का? गाडीने तास-दीड तासात गाठता येईल अशी रेंज किती यार्डांची आहे? आणि महिन्याला किती काडतुसांचा खर्च पेलवेल? ही तीन उत्तरं मिळाली की कॅलिबर बरंचसं आपोआप ठरतं. उलट क्रमाने गेलं की हजार यार्डांची रायफल कपाटात आणि मालक शंभर यार्डांच्या रेंजवर, तेही दोन महिन्यांतून एकदा, असं होऊन बसतं.

खाली दिलेले भाव डॉलरमधले आणि अंदाजाचे आहेत. ते दुकानागणिक आणि हंगामागणिक हलतात, पण एकमेकांशी असलेलं प्रमाण बऱ्यापैकी टिकून राहतं. हिशेबासाठी ते प्रमाणच महत्त्वाचं.

पहिलं पाऊल: कायदा

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर वाट सरळ आहे. दुकानात बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि रायफल मिळते. वर आपापल्या राज्याचे नियम: न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र. ही कार्डं हातात यायला वेळ लागतो, म्हणून रायफल निवडायच्या आधी अर्ज टाकून मोकळं व्हावं.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर इथे थांबून नीट वाचा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ‘बाळगणं’ या शब्दात रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफलही येते. सुट्टीत भारतातून आलेल्या मेहुण्याला हौसेने रेंजवर नेऊन त्याच्या हातात रायफल दिली, तर ते दोघांच्याही अंगाशी येऊ शकतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. व्हिसाच्या फायलीवर बंदुकीचा डाग लागला की तो सहज पुसला जात नाही.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्यासारख्यांना लागू पडणारी. रेंजला न्यायची बॅग आणि विमानप्रवासाची बॅग कायमच्या वेगळ्या ठेवा. .२२ चं काडतूस बोटाच्या पेराएवढं असतं. बॅगेच्या अस्तराच्या शिवणीत, चेनच्या कोपऱ्यात ते सहज अडकून राहतं आणि झटकूनही पडत नाही. भारतातल्या विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, मग ते चुकून राहिलेलं असो वा नसो.

महाराष्ट्रातच राहून हे वाचणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे नवख्याचा रस्ता .१७७ च्या एअर रायफलपासून सुरू होतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलपर्यंतच्या, .१७७ च्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पुढे क्लब आणि रायफल असोसिएशनमार्फत ५० मीटर .२२. याच ५० मीटरच्या रायफलवर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. .२२ ला पोरखेळ समजणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

दुसरं पाऊल: रेंज मोजा

नकाशा उघडा आणि घरापासून दीड तासाच्या आतल्या सगळ्या रेंज शोधा. प्रत्येकीला फोन करून चार प्रश्न विचारा: जास्तीत जास्त अंतर किती, त्या अंतरावर सभासद नसलेल्याला बसू देतात का, तिथे दर महिन्याला कुठल्या स्पर्धा होतात, आणि गोळीवर काही बंधन आहे का. शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. स्वस्त आयात काडतुसांच्या गोळीत पोलादाचा अंश असतो. त्याने लोखंडी लक्ष्यांवर खड्डे पडतात आणि उन्हाळ्यात सुक्या गवतावर ठिणगी पडायची भीती असते, म्हणून अनेक रेंजवर दारातच चुंबक लावून काडतुसं तपासतात.

बहुतेक शहरांजवळ १०० ते २०० यार्डांची सोय सापडते. ६०० यार्डांच्या रेंज कमी, आणि हजाराच्या त्याहून कमी. ॲरिझोनात फिनिक्सजवळची बेन ॲव्हरी, न्यू मेक्सिकोत रॅटनचं व्हिटिंग्टन सेंटर, ओहायोतलं कॅम्प पेरी ही हजार यार्डांची नावाजलेली ठिकाणं. अलाबामात टॅलाडेगाला सीएमपीची (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेची) ६०० यार्डांची रेंज आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं असल्यामुळे प्रत्येक गोळी कुठे लागली ते बसल्या जागी पडद्यावर दिसतं. अशा एखाद्या ठिकाणाजवळ राहत असाल तर नशीबवान आहात. नसाल तर हजार यार्डांसाठी काडतूस निवडणं म्हणजे वर्षातून दोनदा पडणाऱ्या बर्फासाठी रोज गमबूट घालून फिरणं.

तिसरं पाऊल: चार शब्द पक्के करा

कॅलिबर म्हणजे नळीचा, पर्यायाने गोळीचा, व्यास. काडतूस म्हणजे गोळी, पितळी केस, दारू आणि ती पेटवणारा प्रायमर मिळून झालेली पूर्ण वस्तू. .२२ एलआर आणि .२२३ रेमिंग्टन यांच्या गोळ्यांचा व्यास जवळपास सारखा, पण एकीची गोळी सेकंदाला हजारेक फूट जाते आणि दुसरीची पावणेतीन हजार. म्हणून बोलताना आपण ‘कॅलिबर’ म्हणतो, पण निवडतो ते काडतूस.

बीसी, म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, हा गोळी हवा किती सहज कापते ते सांगणारा आकडा. मोठा आकडा चांगला. लांब, टोकदार, वजनदार गोळीचा बीसी मोठा असतो. डब्यावर दोन पद्धतींचे आकडे असतात, जी१ आणि जी७. एकाच्या जी१ ची दुसऱ्याच्या जी७ शी तुलना करू नका. खालचे सगळे आकडे जी१ चे आहेत.

मिल हे कोनाचं माप: १०० यार्डांवर ३.६ इंच, ६०० वर २१.६. रायफलवरच्या दुर्बिणीची, म्हणजे स्कोपची, चकती फिरवताना होणारी एक टिचकी साधारण ०.१ मिलची असते. दुसरं माप एमओए: १०० यार्डांवर एक इंचाहून थोडं जास्त, ६०० वर सहा इंचांहून थोडं जास्त.

आणि आवाजाचा वेग, सेकंदाला साधारण ११२५ फूट. गोळी त्याच्या जवळ येऊ लागली, म्हणजे १३५० फुटांच्या खाली उतरली, की हवेचे धक्के तिला डळमळीत करायला लागतात. काडतुसाची खरीखुरी पोच इथे संपत येते. समुद्रसपाटीला .३०८ ची १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, पौंडात ७०००) गोळी हजार यार्डांपर्यंत कशीबशी आवाजाच्या पुढे राहते. कॉलोराडोच्या विरळ हवेत तीच गोळी आणखी पुढे टिकते. त्यामुळे इंटरनेटवर कुणी ‘माझी .३०८ बाराशेला मारते’ म्हणाला तर तो कुठल्या उंचीवर राहतो ते आधी विचारा.

चौथं पाऊल: वाऱ्याचा हिशेब

गोळी खाली किती पडते याची नवख्याला फार धास्ती असते. ती फुकाची आहे. गोळीचं पडणं गणिताने बांधलेलं आहे: वेग आणि बीसी ठाऊक असले की फोनमधलं ॲप उत्तर देतं आणि आपण तेवढ्या टिचक्या वर फिरवतो. वारा मात्र दर मिनिटाला बदलतो आणि त्याचा अंदाज डोळ्यांनीच करावा लागतो. काडतुसाकाडतुसातला खरा फरक इथे दिसतो.

अंतर ६०० यार्ड, वारा काटकोनात ताशी १० मैल. .२२३ ची ७७ ग्रेनची गोळी ४० इंचांच्या आसपास वाहवते. .३०८ ची १७५ ग्रेनची ३० इंचांच्या आसपास. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची २० इंचांच्या आसपास. एफ-क्लास स्पर्धेत, म्हणजे झोपून, रायफल टेकवून लांबवर मारायच्या स्पर्धेत, ६०० यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ सहा इंचांचं असतं, मधलं एक्स तीन इंचांचं. समजा वारा ताशी १० ऐवजी १२ मैल होता आणि तुमच्या लक्षात आलं नाही. .२२३ आठ इंच चुकेल, .३०८ सहा, क्रीडमूर चार. वर्तुळाच्या मध्यापासून काठ तीन इंचांवर आहे, म्हणजे या चुकीला तिघंही दहाच्या बाहेर. फरक एवढाच, की क्रीडमूरवाला काठाच्या अगदी जवळ असेल आणि .२२३ वाला नऊच्याही बाहेर.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. स्पर्धेत गुण हवे असतील तर जास्त बीसी मदतीला येतो. वारा वाचायला शिकायचं असेल तर कमी बीसी चांगला गुरू ठरतो, कारण तो चूक लपवत नाही, मोठी करून दाखवतो.

पाचवं पाऊल: काडतुसं एकेक करून

.२२ एलआर. बजेट खरोखर तंग असेल किंवा जवळची रेंज २०० यार्डांतच संपत असेल, तर इथेच थांबा. हा तडजोडीचा सल्ला नाही. ४० ग्रेनची गोळी सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास निघते, बीसी जेमतेम ०.१३. रायफल ५० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम बरोबर लागेल असा स्कोप लावला, तर १०० यार्डांवर ती सहा-सात इंच पडते आणि २०० वर चार-साडेचार फूट. म्हणजे .२२ ला २०० यार्ड हे मोठ्या रायफलच्या हजार यार्डांसारखंच गणित आहे: तशाच टिचक्या, तशीच वाऱ्याची चिंता, आणि खर्च दहाव्या हिश्शाहून कमी.

घेताना ‘हाय व्हेलॉसिटी’ टाळा, ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ घ्या. जोरदार .२२ ची गोळी १०० यार्डांच्या आतच आवाजाच्या वेगातून खाली उतरते आणि तिथेच तिचा नेम सैल होतो. स्टँडर्ड गोळी मुळातच आवाजाच्या खाली असते, त्यामुळे तिला तो उंबरठा ओलांडावाच लागत नाही. सीसीआय स्टँडर्ड सरावाला, एसके किंवा एली गुण मोजायच्या दिवशी. पुढचं लक्षात ठेवा: .२२ च्या गोळीवर मेणाचा थर असतो आणि तो नळीत लागतो. ब्रँड बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या जुन्या थरावरून जातात आणि इकडेतिकडे पडतात. त्या मोजायच्या नाहीत. ‘हा ब्रँड माझ्या रायफलला चालत नाही’ असं पाच गोळ्यांत ठरवणारे बहुतेक जण हीच चूक करतात.

२०० यार्डांवर उभं विखुरणं दिसलं तर नेमाला दोष देण्याआधी काडतुसाचा डबा बघा. एकाच डब्यातल्या गोळ्यांत ३० फुटांचा वेगफरक असेल तर नुसत्या त्या फरकाने लक्ष्यावर तीन-चार इंचांचा उभा फरक पडतो. त्यावर इलाज एकच: चांगला लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, शोधायचा, आणि सापडला की त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे घेऊन ठेवायचे.

.२२३ रेमिंग्टन. माझ्या मते बजेटमध्ये ६०० यार्ड गाठण्यासाठी याच्यासारखं काडतूस नाही. खांद्याला बसणारा धक्का इतका कमी, की गोळी लक्ष्यावर पोचताना स्कोपमधून दिसते. आपली चूक आपल्यालाच दिसणं ही शिकण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. नळी पाच हजार राउंडांच्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या, पुढे सहज जाते. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, दर्जाचं काडतूस डॉलर-सव्वा डॉलरला.

पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी नवे लोक पडतात: नळीचा पीळ. नळीच्या आतले आटे गोळीला गरगर फिरवतात. लांब गोळीला जास्त फिरकी लागते. १:१२ पीळ म्हणजे बारा इंचांत एक फेरा. त्यात ५५ ग्रेनची आखूड गोळी छान जाते, पण ७७ ग्रेनची लांब गोळी हवेत कोलांट्या खाते आणि कागदाला आडवी लागते. भोक गोल न पडता किल्लीच्या भोकासारखं लांबट पडलेलं दिसलं की समजायचं, पीळ कमी पडतोय. १:९ मध्ये ६९ ग्रेनपर्यंत भरवसा. ७७ साठी १:८ किंवा १:७ हवा. टिक्का टी३एक्स आणि रुगर अमेरिकन प्रेडेटर १:८ मध्ये मिळतात. छोट्या शिकारीसाठी बनवलेल्या जुन्या, सेकंडहँड रायफली दिसायला दणकट, जाड नळीच्या आणि स्वस्त असतात, पण त्यांच्यात बरेचदा १:१२ पीळ निघतो. भावात घासाघीस करण्याआधी तो बघा.

नळीवर कोरलेला नसेल तर मोजता येतो. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागची बाजू बंद करणारा दांडा) काढून ठेवा. जिची मूठ बेअरिंगवर फिरते अशी सफाईची सळई घ्या, टोकाला घट्ट बसेल असं कापड लावा आणि मागच्या बाजूने आत घाला. कापड आट्यांना पकडल्यावर सळईवर नळीच्या मागच्या कडेपाशी मार्करने आडवी रेघ मारा आणि वरच्या अंगाला एक ठिपका द्या. आता सळई सावकाश पुढे ढकला. ठिपका हळूहळू कडेला वळतो, खाली जातो, दुसऱ्या बाजूने वर येतो. पुन्हा बरोबर वर आला की थांबा आणि त्याच कडेपाशी दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर इंचांत मोजा: आठ आलं तर पीळ १:८. तीनदा मोजून सरासरी घ्या, कारण कापड मध्येच घसरतं. दुकानदाराला विचारून हे काउंटरवरच करता येतं, पाच मिनिटांचं काम आहे.

.३०८ विंचेस्टर. १९५२ चं काडतूस, आजही कुठल्याही दुकानात मिळणारं. एफ-टीआर नावाच्या स्पर्धावर्गात फक्त .२२३ आणि .३०८ चालतात. तिथे उतरायचं पक्कं असेल आणि रेंज हजार यार्डांची असेल तर .३०८ घ्या. नळी पाच हजारांच्या वर टिकते. अडचण धक्क्याची. तो क्रीडमूरपेक्षा स्पष्टपणे जास्त आणि .२२३ च्या कितीतरी पट. नवखा माणूस तीस-चाळीस राउंडांनंतर ट्रिगर दाबण्याआधीच खांदा आखडून डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. ‘मोठी आहे म्हणून लांब जाईल’ या समजुतीने घेऊ नका.

६.५ क्रीडमूर. हॉर्नेडीने २००७ मध्ये आणलं. मुळातच लक्ष्यवेधासाठी आखलेलं, त्यामुळे पीळ, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा), काडतुसाची लांबी सगळं लांब गोळीला धरून. दुकानात मिळणारं १४० ग्रेनचं मॅच काडतूस सेकंदाला २७०० फुटांनी निघतं, बीसी ०.६४६. हजार यार्डांवर १०० च्या झिरोपासून नऊ मिलच्या आसपास वर जावं लागतं. .३०८ ला साडेअकरा. कारखान्यात भरलेल्या काडतुसावर, हाताने काही न भरता, हजार यार्ड गाठायचे असतील तर हेच घ्यावं. किंमत मोजावी लागते ती नळीच्या आयुष्यात: अडीच ते तीन हजार राउंड.

बाकीचं झटपट. ६ मिमी क्रीडमूर वाऱ्यात आणखी चांगलं, पण नळी दीड-दोन हजारांत संपते. पहिल्या रायफलला नको. .३०० विन मॅग, ६.५ पीआरसी आणि तसली जोरदार मंडळी धक्क्यानेही महाग आणि पैशानेही. .२४३ आणि .२७० या शिकारीच्या रायफली घरात आधीच असतील तर ३०० यार्डांपर्यंत सराव करा, पण त्यांचा पीळ बहुधा आखूड गोळ्यांसाठीचा असतो, म्हणून लांब पल्ल्यासाठी नव्याने विकत घेऊ नका.

सहावं पाऊल: एका गोळीचा खरा भाव

डब्यावरच्या किमतीत नळीची झीज धरलेली नसते. नवी नळी बसवून घ्यायला साधारण ७०० डॉलर धरा. क्रीडमूरच्या अडीच हजार राउंडांवर वाटले तर प्रत्येक गोळीमागे २८ सेंट. .२२३ किंवा .३०८ च्या पाच हजारांवर १४ सेंट. .२२ ची नळी आपल्या हातून संपत नाही असंच समजा.

महिन्याला १०० राउंड धरले तर .२२ चे साधारण १५ डॉलर, .२२३ चे १२५, .३०८ चे १९०, क्रीडमूरचे २००. आता स्वतःच्या खात्याकडे बघा. महिना शंभर डॉलर सोडता येत असतील, तर क्रीडमूरवर पन्नास गोळ्या मिळतील आणि .२२ वर साडेसहाशे. पहिल्या वर्षी हात घडतो तो गोळ्यांच्या संख्येने. आठवड्यातून एकदा ५० राउंड नीट, प्रत्येक गोळीची नोंद ठेवून मारणारा .२२ वाला वर्षअखेर महिन्यातून एकदा २० मारणाऱ्या क्रीडमूरवाल्याच्या पुढे गेलेला असतो.

हाताने काडतुसं भरणं हा यातला पुढचा टप्पा. सामान ५०० डॉलरच्या आसपास. दारूच्या एका पौंडात ७००० ग्रेन असतात. .२२३ ला साधारण २४-२५ ग्रेन लागते म्हणजे पौंडात २८० च्या आसपास राउंड, क्रीडमूरला ४१-४२ म्हणजे १६५ च्या आसपास. पितळी केस परत वापरता येते, म्हणून .२२३ साठ सेंटच्या आसपास उतरतं आणि क्रीडमूर नव्वदच्या. सामानाचे पैसे क्रीडमूरवर सहाशे राउंडांत, .२२३ वर हजारात वसूल. दारूचं माप मात्र नेहमी दारूच्या किंवा गोळीच्या कंपनीच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यायचं, कमीत कमी मापापासून सुरू करायचं. वरचे आकडे खर्चाच्या हिशेबासाठी आहेत, भरण्यासाठी नाहीत. आणि पहिले सहा महिने या भानगडीत पडूच नका. गोळी चुकली तर दोष नेमाचा की भरण्याचा, हे नवख्याला कळत नाही.

सातवं पाऊल: उरलेले पैसे

पहिल्या वर्षाचं बजेट दोन हजार डॉलर असेल तर अशी वाटणी करा. .२२ साठी: सीझेड ४५७ सारखी रायफल सहाशेच्या आसपास, स्कोप चारशे, बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) आणि मागची वाळूची पिशवी दीडशे, कानाचं संरक्षण शंभर, उरलेले सगळे काडतुसांना. .२२३ साठी: रायफल सातशे-आठशे, स्कोप चारशे, बाकी तेवढंच, आणि काडतुसांना साडेपाचशे-साडेसहाशे उरतील. क्रीडमूर या बजेटमध्ये बसतं, पण काडतुसांना जेमतेम तीनशे राउंडांपुरते पैसे राहतात.

स्कोपमध्ये एकच गोष्ट सांभाळा: आतल्या खुणा आणि बाहेरच्या टिचक्या एकाच मापाच्या हव्यात. मिल-मिल घ्या. खुणा मिलमध्ये आणि टिचक्या एमओएमध्ये असलेला स्वस्त स्कोप दर गोळीला तुमच्याकडून गुणाकार करून घेईल. .२२ २०० यार्डांपर्यंत न्यायची असेल तर स्कोपखाली २० एमओएचा उतार असलेली पट्टी लावा. तिने जवळजवळ सहा मिल वर जायला जागा मिळते. ती नसेल तर बऱ्याच स्कोपची चकती ऐन २०० यार्डांवर अडकते. स्कोपच्या कड्यांचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नका. पाना घ्या आणि कंपनीने दिलेल्या मापावर थांबा. ‘रायफल नेम धरत नाही’ म्हणून परत आणलेल्या रायफलींत सैल स्क्रू वारंवार सापडतात.

आठवं पाऊल: पहिल्या तीन खेपा

तीन वेगवेगळ्या मॅच काडतुसांचा एकेक डबा घ्या. १०० यार्डांवर (.२२ असेल तर ५० वर) प्रत्येकाचे दहा राउंडांचे दोन गट मारा. तीन गोळ्यांच्या सुंदर गटावर भाळू नका, तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. प्रत्येकाच्या दोन गटांतला मोठा गट बघा; तो ज्याचा सगळ्यात लहान, त्याचेच पुढचे डबे. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, उसना मिळाला तर वेग मोजून ॲपमध्ये घाला. डब्यावरचा वेग कारखान्याच्या लांब नळीचा असतो, तुमच्या आखूड नळीत तो कमी भरतो, आणि मग ६०० वर सगळं खाली लागतं.

दुसऱ्या खेपेला ३०० वर जा, ॲपने सांगितलेल्या टिचक्या लावा, आणि प्रत्यक्षात किती लागल्या ते वहीत लिहा. तिसऱ्या खेपेला ६०० किंवा .२२ असेल तर २००. तारीख, तापमान, वाऱ्याचा अंदाज, खरा फटका, एवढंच लिहायचं.

प्रत्येक खेपेला, रायफल पिशवीतून काढल्यावर, बोल्ट उघडा ठेवा, चेंबरमध्ये रंगीत झेंडी घाला, आणि काडतुसाच्या बुडावर कोरलेलं नाव नळीवरच्या नावाशी ताडून बघा. .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसू शकतं आणि चाप ओढला तर रायफल फुटते. .२२३ अशी खूण असलेल्या नळीत ५.५६ चं काडतूस घालू नका, दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. बाकावर एका वेळी एकच प्रकारचा डबा. घरी जाण्याआधी गार पाण्याने आणि साबणाने हात धुवा, बोटांवर शिसं असतं. आणि काडतुसांचा डबा खाण्याच्या पिशवीत ठेवू नका.